नॅशनल कौन्सिल ऑफ ज्युइश विमेन : दानधर्माकडून कायद्याकडे

नॅशनल कौन्सिल ऑफ ज्युइश विमेन ही अमेरिकेतील ज्यू स्त्रियांच्या सर्वांत जुन्या देशव्यापी संघटनांपैकी एक होय. तिची स्थापना सप्टेंबर १८९३ मध्ये शिकागो येथे झाली. स्थलांतरित स्त्रियांचे संरक्षण, बालन्यायालये, माता-बालकांचे आरोग्य, पाळणाघरे, वांशिक समता आणि गर्भपाताचा अधिकार अशा विषयांवर ती सव्वाशेहून अधिक वर्षे काम करीत आली आहे. नावात धर्म असला, तरी तिने मागितलेले बहुतेक कायदे सर्व धर्मांच्या स्त्रियांना आणि मुलांना लागू होणारे होते. हेन्रिएटा झोल्ड यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेल्या 'हदासा' या संघटनेशी तिची कित्येकदा गल्लत केली जाते. हदासाचे लक्ष प्रामुख्याने पॅलेस्टाइनमधील (पुढे इस्राएलमधील) आरोग्यसेवेकडे होते. कौन्सिलचे कार्यक्षेत्र मुख्यतः अमेरिकेतील समाज आणि त्याचे कायदे हे राहिले.

या संघटनेचा इतिहास वाचण्याजोगा आहे तो तिच्या वयामुळे नव्हे. गरजूंच्या दारी जाणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया कायदेमंडळाच्या दारापर्यंत कशा पोहोचल्या आणि वाटेत कोठे अडखळल्या, हे त्यात स्पष्टपणे पाहावयास मिळते.

शिकागोतील चार दिवस

कोलंबसाच्या अमेरिकागमनास चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने १८९३ मध्ये शिकागोत विश्वप्रदर्शन भरले. त्याला जोडून नानाविध विषयांवरील परिषदा झाल्या. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर रोजी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, ती त्यांपैकीच एक. मराठी वाचकाला त्या महिन्याची ओळख आहे ती त्या भाषणामुळे. त्याच्या आठवडाभर आधी, ४ ते ७ सप्टेंबर या चार दिवसांत, त्याच उपक्रमाचा भाग म्हणून ज्यू स्त्रियांची एक परिषद भरली होती. तिचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो.

या परिषदेच्या सूत्रधार हॅना ग्रीनबॉम सॉलोमन (१८५८–१९४२) या शिकागोतील एका प्रतिष्ठित जर्मन-ज्यू कुटुंबातील होत्या. त्या आणि त्यांची बहीण हेन्रिएटा फ्रँक या शिकागो विमेन्स क्लबच्या पहिल्या ज्यू सदस्या. ज्यू स्त्रियांचा कार्यक्रम उभा करण्याचे काम हॅनाबाईंकडे आले, तेव्हा देशभरच्या ज्यू स्त्रियांना जोडणारी एकही यादी अस्तित्वात नव्हती. त्यांनी मोठ्या शहरांतील रब्बायांना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पत्रे लिहून कर्तबगार स्त्रियांची नावे मागविली आणि मग त्या स्त्रियांना स्वतःच्या हाताने नव्वदेक पत्रे लिहिली. कौन्सिलचे बीज या पत्रव्यवहारात आहे. संघटना स्थापन होण्यापूर्वीच तिची सदस्यसूची तयार झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रदर्शनाच्या निमित्ताने ज्यू पुरुषांचीही एक परिषद व्हावयाची होती. दोन्ही समित्यांनी मिळून काम करावे असे सुचविण्यात आले, तेव्हा कार्यक्रमात स्त्रियांना सक्रिय वाटा मिळणार असेल तर आपली तयारी आहे, असे हॅनाबाईंनी कळविले. पुरुषांनी आखलेला कार्यक्रम पुढे आला, तो पाहता त्यात एकाही स्त्रीचे नाव नव्हते. स्त्रियांनी आल्यागेल्याचे स्वागत करावे, एवढीच अपेक्षा असल्याचे दिसले. हॅनाबाईंनी सहकार्यास तेथेच नकार दिला आणि ही सर्व बोलणी इतिवृत्तातून वगळावीत अशी विनंती केली. त्यांनी ही हकीकत पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदविली. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. अपमान चव्हाट्यावर न आणता मार्ग बदलण्याची ही रीत त्यांच्या स्वभावाची निदर्शक आहे, आणि पुढे कित्येक वर्षे संघटनेचीही तीच रीत राहिली.

स्त्रियांची परिषद स्वतंत्रपणे भरली. रे फ्रँक या कॅलिफोर्नियातील तरुण वक्त्या तेथे बोलल्या. त्या काळी सिनेगॉगच्या व्यासपीठावरून प्रवचन करणारी स्त्री ही अपूर्वाईची गोष्ट होती आणि वृत्तपत्रांनी त्यांना 'स्त्री रब्बाय' म्हणावयास आरंभ केला होता. रीतसर दीक्षा मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. न्यूयॉर्कच्या रिबेका कोहुट यांनी निबंध लिहिला होता. परंतु पत्नीचा विरह न साहणाऱ्या पतीच्या आग्रहामुळे त्या स्वतः जाऊ शकल्या नाहीत आणि तो दुसऱ्यांनी वाचून दाखविला. पुढे याच कोहुटबाई १९२३ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या ज्यू स्त्रियांच्या जागतिक परिषदेत अध्यक्षपदी निवडल्या गेल्या. शिकागोतील शेवटच्या बैठकीत कायमस्वरूपी संघटना काढण्याचा ठराव झाला. हॅना सॉलोमन अध्यक्षा आणि सेडी अमेरिकन पत्रव्यवहाराच्या चिटणीस झाल्या. 'अमेरिकन' हे या चिटणीसबाईंचे खरेखुरे आडनाव होते, हे येथे सांगणे अवश्य आहे. नाही तर वाचकाचा घोटाळा व्हावयाचा.

शनिवार की रविवार?

आरंभीच्या वर्षांत कौन्सिलचा भर धर्मशिक्षण, अभ्यासमंडळे आणि परोपकार यांवर होता. पहिले मोठे भांडण उद्भवले ते धर्मावरूनच.

ज्यू धर्मात शनिवार हा शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस. त्याचे महत्त्व आपल्याला अगदीच अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरूनच गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा, पोशाख, आडनावे, सारे भोवतालच्या मराठी समाजासारखेच होते. त्यांची वेगळी ओळख टिकली ती मुख्यतः त्या बंद घाण्यामुळे. अमेरिकेत मात्र शनिवार हा कामाचा दिवस होता, आणि शिकागोतील ज्या सुधारणावादी मंदिराशी हॅनाबाईंचे कुटुंब जोडलेले होते, तेथे मुख्य उपासना रविवारी होऊ लागली होती. शब्बाथ पाळण्याचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेची अध्यक्षा स्वतः शनिवार पाळत नाही, असा आक्षेप १८९६ मध्ये न्यूयॉर्क येथील अधिवेशनात घेण्यात आला. आपल्यासाठी आठवड्याचा प्रत्येक दिवस पवित्र आहे, अशा आशयाचे उत्तर हॅनाबाईंनी दिले आणि त्या पुन्हा निवडून आल्या. त्या १९०५ पर्यंत अध्यक्षपदी होत्या. वाद मात्र मिटला नाही. सनातनी आणि सुधारणावादी यांना एकत्र बांधून ठेवील असा धार्मिक कार्यक्रम सापडत नव्हता. समाजकार्याविषयी मात्र दुमत नव्हते. संघटना हळूहळू धर्मशिक्षणाकडून समाजकार्याकडे वळली, त्यामागे तत्त्वनिष्ठेइतकीच ही व्यावहारिक सोयही होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शिकागोतच या वळणाचे एक ठळक उदाहरण घडले. हॅनाबाईंनी १८९७ मध्ये तेथे 'ब्युरो ऑफ पर्सनल सर्व्हिस' हे मदतकेंद्र काढले. गरीब वस्तीतील कुटुंबांना घरभाड्यापासून नोकरीपर्यंत हरतऱ्हेच्या अडचणींत तेथे साहाय्य मिळे. केंद्राचे काम मिनी लो यांनी पाहिले. वस्तीत हिंडताना वारंवार दिसे ते असे, की किरकोळ चोरीसाठी पकडलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा सराईत गुन्हेगारांसोबत एकाच कोठडीत ठेवला जातो. शिकागोतील स्त्री-संघटनांनी लावून धरल्यामुळे इलिनॉय राज्याने १८९९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयाचा कायदा केला आणि अमेरिकेतील पहिले बालन्यायालय तेथे सुरू झाले. कायद्याने मुलांवर देखरेख ठेवणारे परिवीक्षा अधिकारी नेमण्यास परवानगी दिली; त्यांच्या पगाराची तरतूद मात्र केली नाही. पहिली काही वर्षे तो भार स्त्री-संघटनांनी वाहिला. पहिल्या परिवीक्षा अधिकाऱ्यांत मिनी लो होत्या.

एलिस बेटावरील टेबल

कौन्सिलचे नाव सर्वतोमुखी झाले ते न्यूयॉर्कच्या बंदरातील कामामुळे. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील दंगली, निर्बंध आणि दारिद्र्य यांना कंटाळून पूर्व युरोपातील ज्यू मोठ्या संख्येने अमेरिकेस येऊ लागले. पहिल्या महायुद्धापर्यंत हा आकडा सुमारे २० लाखांवर गेला. १८९२ पासून त्यांची तपासणी एलिस बेटावर होई. एकटी आलेली तरुण स्त्री ही अधिकाऱ्यांच्या दृष्टीने मोठी अडचण होती. सरकारवर भार होण्याचा संभव असलेल्या व्यक्तीला परत पाठविण्याची तरतूद १८८२ च्या कायद्यात होती, आणि जिला नेण्यास नातेवाईक आलेला नाही अशा मुलीला सहसा बेटाबाहेर सोडले जात नसे. दुसरीकडे, वाग्दत्त वर किंवा मामा म्हणून मिरवणारे दलाल धक्क्यावर उभे असत. मुलींना फसवून वेश्याव्यवसायात ढकलणाऱ्या टोळ्यांची भीती त्या काळी सर्व युरोप-अमेरिकेत होती. वृत्तपत्रांनी ती फुगविली हे खरे, पण ती निराधार नव्हती.

१९०३-०४ च्या सुमारास कौन्सिलने एलिस बेटावर कायमचे केंद्र उघडले. यिडिश बोलणाऱ्या कार्यकर्त्या तेथे एकट्या येणाऱ्या मुलींना भेटत. कोठे जावयाचे, कोणाकडे, पत्ता खरा आहे का, घ्यायला येणारा मनुष्य कोण, हे विचारीत. मुलगी ज्या शहरी जाणार, तेथील शाखेला कळविले जाई आणि काही दिवसांनी त्या शाखेतील कोणी बाई प्रत्यक्ष त्या पत्त्यावर जाऊन पाही. पत्ता खोटा निघाला, मालक पगार देत नसला किंवा मुलगी आजारी असली, तर पुढची तजवीज होई. देशभर पसरलेल्या शाखांचे जाळे नसते, तर बंदरावरील चौकशी ही केवळ एक औपचारिकता ठरली असती.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मदत करणाऱ्या स्त्रिया बहुधा आधी आलेल्या, स्थिरावलेल्या जर्मन-ज्यू घराण्यांतील. मदत घेणाऱ्या पोलंड-रशियातील गरीब खेड्यांतल्या. मदतीत आपुलकी होती तशीच शिकवणीची छटाही होती : स्वयंपाक कसा करावा, पोशाख कसा करावा, मुलांना कसे वाढवावे. पूर्व युरोपातून आलेल्या नवागतांमुळे आपली जमलेली प्रतिष्ठा जाईल, ही धास्तीही काहींच्या मनात होती. आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील सुधारणा-चळवळींतही मदत आणि शिकवण यांची अशीच सरमिसळ आढळते.

नवऱ्याच्या नावावरचे नागरिकत्व

बंदरावरील अनुभवातून कायद्याचा एक प्रश्न पुढे आला. १८५५ च्या कायद्यानुसार अमेरिकन पुरुषाशी विवाह करणारी परदेशी स्त्री आपोआप अमेरिकन नागरिक होई. उलट १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाई. म्हणजे स्त्रीचे नागरिकत्व तिचे स्वतःचे नव्हतेच. स्त्री-संघटनांनी १९२० मध्ये वॉशिंग्टन येथे एक संयुक्त समिती उभी केली. कौन्सिल तिच्यात सामील झाली. या समितीच्या खटपटीतून दोन महत्त्वाचे कायदे झाले : माता आणि अर्भके यांच्या आरोग्यासाठी राज्यांना केंद्राचे अनुदान देणारा १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा आणि विवाहित स्त्रीला स्वतंत्र नागरिकत्व देणारा १९२२ चा केबल कायदा. पहिला डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे १९२९ मध्ये संपुष्टात आला.

केबल कायद्याने प्रश्न सुटला, तसा नवा निर्माणही झाला. आता स्थलांतरित पत्नीला नवऱ्याच्या मागोमाग नागरिकत्व मिळेना. तिला स्वतः अर्ज करून परीक्षा द्यावी लागे, आणि तिला इंग्रजी येत नसे. कौन्सिलच्या शाखांनी त्यासाठी वर्ग चालविले. स्थलांतरित-साहाय्य विभागाच्या प्रमुख सेसिलिया रॅझॉव्स्की यांनी १९२२ मध्ये देशांतर करणाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तिका लिहिली. कोणती कागदपत्रे लागतात, बंदरावर काय विचारतात, फसवणूक कशी ओळखावी, हे तीत सोप्या शब्दांत दिले होते.

कायद्यात आणखी एक पळवाट ठेवलेली होती. नागरिकत्वास 'अपात्र' मानल्या गेलेल्या वंशाच्या पुरुषाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व जाण्याची तरतूद कायम राहिली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरविले. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांना त्यामुळे आपल्याच देशात परकी व्हावे लागले. त्यांनी १९२६ मध्ये याविषयी लेखही लिहिला. ही तरतूद १९३१ मध्ये रद्द झाली.

मताधिकाराविषयीचे मौन

स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणारी ही संघटना स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने ठामपणे उभी राहिली असेल, असे कोणालाही वाटेल. तसे घडले नाही. हॅनाबाई सुसान बी. अँथनी यांच्या स्नेही होत्या. १९०४ मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषदेत त्यांनी अमेरिकन प्रतिनिधींसाठी दुभाषाचे काम केले. अनेक सदस्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या. तरीही १९१७ च्या अधिवेशनात पाठिंब्याचा ठराव मान्य झाला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने स्त्रियांना मताधिकार दिला, हे लक्षात घेतले म्हणजे हे मौन अधिकच खटकते.

कारणे अनेक होती. संघटना फुटेल ही भीती एक. ज्यू समाजात या प्रश्नावर घराघरांत मतभेद होते : न्यूयॉर्कच्या मॉड नेथन या मताधिकाराच्या नामवंत पुरस्कर्त्या, तर बर्नार्ड महाविद्यालयाच्या संस्थापक ॲनी नेथन मेयर या कडव्या विरोधक, आणि या दोघी सख्ख्या बहिणी. दुसरे कारण असे, की अशिक्षित स्थलांतरित पुरुषाला मत आहे आणि सुशिक्षित अमेरिकन स्त्रीला नाही, असा युक्तिवाद काही मताधिकारवादी नेत्या करीत. ज्या संघटनेचे सारे काम स्थलांतरितांत होते, तिला ही भाषा रुचणे शक्य नव्हते. कारणे समजून घेता येतात. तरीही ही संधी तिने गमावली, असेच म्हणावे लागते.

स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविषयीही असेच झाले. ती १९२३ मध्ये प्रथम मांडली गेली, तेव्हा कौन्सिलने विरोध केला. कारण स्त्री-कामगारांचे तास मर्यादित करणारे संरक्षक कायदे तिच्यामुळे मोडीत निघतील असे वाटे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर त्या संरक्षक कायद्यांचा आधारच सुटत गेला आणि कौन्सिलने आपली भूमिका बदलून दुरुस्तीचा पुरस्कार केला.

मिसिसिपीतील बुधवार

१९३० च्या दशकात जर्मनीतील ज्यूंना बाहेर काढण्याची खटपट हे कौन्सिलचे मुख्य काम झाले. जर्मनीतील २०,००० मुलांना अमेरिकेत घेण्याची तरतूद करणाऱ्या १९३९ च्या विधेयकाला तिचा पाठिंबा होता. ते संसदेच्या समितीतच विरले. १९२४ च्या कायद्याने ठरविलेल्या संख्येच्या भिंतीपुढे स्वयंसेवी संघटनेचे बळ किती तोकडे पडते, हे त्या वर्षांनी दाखविले. वांशिक प्रश्नही याच काळात अजेंड्यावर आला. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्ध केंद्रीय कायदा व्हावा या मागणीला तिने पाठिंबा दिला. तो कायदा प्रत्यक्षात २०२२ मध्ये झाला.

१९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करण्यासाठी उत्तरेतून शेकडो विद्यार्थी गेले. २१ जूनला तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले : एक स्थानिक कृष्णवर्णीय आणि दोन न्यूयॉर्कचे ज्यू तरुण. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह सापडले. याच उन्हाळ्यात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय कौन्सिलच्या अध्यक्षा डोरोथी हाइट आणि त्यांच्या ज्यू सहकारी पॉली कॉवन यांनी 'मिसिसिपीतील बुधवार' हा उपक्रम सुरू केला. ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट स्त्री-संघटनांनी त्याला साथ दिली; त्यांत आपली ही कौन्सिलही होती. उत्तरेकडील शहरांतून गोऱ्या आणि काळ्या स्त्रियांची सात पथके एकामागून एक गेली. मंगळवारी विमानाने जॅक्सन येथे पोहोचावयाचे, बुधवारी एखाद्या छोट्या गावातील शाळा आणि नोंदणी-केंद्र पाहावयाचे, गुरुवारी परतावयाचे. एकाच विमानाने आलेल्या स्त्रिया उतरल्यावर एकमेकींना ओळख न दाखविता वेगळ्या होत : काळ्या स्त्रिया काळ्या कुटुंबांत, गोऱ्या अन्यत्र. मग स्थानिक गोऱ्या स्त्रियांशी कॉफीच्या निमित्ताने, गाजावाजा न करता गाठीभेटी होत. हातमोजे, मोत्यांची माळ, नीटनेटका पोशाख हा त्यांचा परवाना होता. १८९३ मध्ये ज्या पाहुणचारापुरतीच स्त्रियांना जागा देऊ केली होती, त्याच पाहुणचाराचा उपयोग येथे दोन वर्णांतील बोलणी सुरू करण्यासाठी झाला.

दक्षिणेतील ज्यू कुटुंबांची स्थिती मात्र अवघड होती. अटलांटातील सिनेगॉगवर १९५८ मध्ये बॉम्बहल्ला झाला होता. जॅक्सनच्या सिनेगॉगवर १९६७ मध्ये झाला. उत्तरेतून दोन दिवसांसाठी येणारीला जे धैर्य परवडे, ते तेथे दुकान चालविणाऱ्या कुटुंबाला परवडतेच असे नाही.

पाळणाघरांची पाहणी

प्रस्तुत लेखकाच्या मते कौन्सिलचे सर्वांत मोलाचे काम १९७० च्या सुमारास झालेली पाळणाघरांची पाहणी हे होय. नोकरी करणाऱ्या मातांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि त्यांची मुले दिवसभर कोठे असतात, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. देशभरातील शाखांच्या स्वयंसेविका प्रश्नावली घेऊन बाहेर पडल्या. त्यांनी पाळणाघरांत आणि मुले सांभाळणाऱ्या बायकांच्या घरांत प्रत्यक्ष जाऊन जे दिसले ते टिपले. अर्थतज्ज्ञ मेरी डब्लिन कीझर्लिंग यांनी त्यावरून तयार केलेला 'विंडोज ऑन डे केअर' हा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

काही पाळणाघरे उत्तम होती. पुष्कळशी केवळ मुले कोंडून ठेवण्याच्या जागा होत्या. सहा मुलांचा परवाना असलेल्या एका घरात एकटी बाई ४७ मुलांना सांभाळीत होती. आठ तान्ही बाळे पाळण्यांना बांधलेली, रांगती-चालती मुले खुर्च्यांना बांधलेली, आणि तीन ते पाच वर्षांची आपापल्या परीने दिवस काढणारी. त्या बाईला दोष देऊन प्रश्न संपत नव्हता. गरीब आईला जेवढे पैसे देता येत, तेवढ्यात याहून वेगळे काही मिळणे शक्य नव्हते, हे अहवालाने आकड्यांनिशी दाखविले.

अहवाल छापून येण्याच्या काही महिने आधीच, डिसेंबर १९७१ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांनी देशव्यापी बालसंगोपन विधेयक नाकारले होते. मुलांचे संगोपन कुटुंबाकडून काढून समूहाच्या हाती देणे सरकारने करू नये, असा त्यांचा आक्षेप होता. पाहणीतील ४७ मुलांच्या दृष्टीने कुटुंब की समूह हा पर्यायच नव्हता. ते विधेयक पुन्हा त्या स्वरूपात कधीच मंजूर झाले नाही. हीच पद्धत वापरून कौन्सिलने बालगुन्हेगारी-न्यायाची पाहणी केली आणि 'चिल्ड्रन विदाउट जस्टिस' हा अहवाल १९७५ मध्ये काढला. १९८० च्या दशकात नोकरी करणाऱ्या गरोदर स्त्रियांचीही पाहणी झाली. कौटुंबिक रजेचा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला, तो १२ आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा, आणि तोही ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी. भारतातील संघटित क्षेत्रात २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा आहे, हे पाहता श्रीमंत देशाची ही कंजुषी आश्चर्यकारक वाटते.

इस्राएलमधील एक प्रयोगही याच काळातला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात कौन्सिलच्या साहाय्याने चाललेल्या संशोधनसंस्थेत अविमा लोम्बार्ड यांनी १९६९ मध्ये 'हिप्पी' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम आखला. अल्पशिक्षित आईला दर आठवड्याला एक कृतिपुस्तिका द्यावयाची आणि तिनेच आपल्या लहानग्याला घरी शिकवावे. पुस्तिका घेऊन येणारी बाई त्याच वस्तीतील, तशीच एक आई असे. १९८० च्या दशकाच्या मध्यास हा कार्यक्रम हिलरी क्लिंटन यांच्या पुढाकाराने आर्कान्सॉ राज्यात आला आणि तेथून अमेरिकेत पसरला.

गर्भपाताचा वाद आणि सद्यःस्थिती

गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा १९७३ चा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी फिरविला. कौन्सिलने तत्पूर्वी, १७ मे रोजी, वॉशिंग्टन येथे ज्यू संघटनांचा मोठा मेळावा घेतला होता. तिचा युक्तिवाद धर्मस्वातंत्र्याचा आहे. बायबलच्या निर्गम ग्रंथातील २१ व्या अध्यायात, भांडणाऱ्या पुरुषांचा धक्का लागून गरोदर स्त्रीचा गर्भपात झाल्यास दंड भरावा, पण स्त्रीलाच इजा झाल्यास जिवास जीव या न्यायाने शिक्षा व्हावी, असे सांगितले आहे. ज्यू परंपरेने यावरून गर्भ आणि जिवंत व्यक्ती यांत भेद केला, आणि मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेने प्रसूतीत मातेचा जीव धोक्यात असल्यास तो आधी वाचवावा असे ठरविले. गर्भधारणेपासूनच पूर्ण व्यक्तित्व मानणारा कायदा हा एका धर्माचे मत दुसऱ्यावर लादतो, असे कौन्सिलचे म्हणणे. हा अध्याय सिनेगॉगमध्ये ज्या शनिवारी वाचला जातो, तो शब्बाथ २०२१ पासून ती या विषयासाठी पाळते. १८९६ मध्ये ज्या शनिवारावरून तिच्यात भांडण झाले, तोच दिवस आता तिच्या कार्यक्रमपत्रिकेत आला आहे.

सर्व ज्यूंना हे मान्य आहे असे नाही. अगुदाथ इस्राएल या कट्टर सनातनी संघटनेने २०२२ च्या निकालाचे स्वागत केले. मातेच्या जिवाला धोका असताना गर्भपात अवश्य, पण स्वेच्छेने नव्हे, अशी सनातनी रब्बायांची सर्वसाधारण भूमिका आहे. मूळ वचने दोन्ही पक्षांची तीच, अर्थ मात्र निराळे.

कौन्सिलचे मुख्य कार्यालय पूर्वी न्यूयॉर्कला होते, आता ते वॉशिंग्टनला आहे. केंद्रीय न्यायाधीशांच्या नेमणुकांवर लक्ष ठेवण्याचे काम तिने या शतकाच्या आरंभापासून अंगीकारले आहे, कारण कायदे संसदेत होत असले तरी त्यांचे भवितव्य न्यायालयात ठरते. गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जावे लागणाऱ्या स्त्रियांच्या साहाय्यासाठीही तिने निधी उभारला आहे. शाखा आपापल्या गावची कामे स्वतंत्रपणे चालवितात. लॉस एंजेलिसच्या शाखेची जुन्या कपड्यांची आणि सामानाची दुकाने कित्येक दशके चालू आहेत. दान म्हणून आलेले कोट, झगे, भांडी आणि खुर्च्या तेथे विकल्या जातात आणि त्या पैशांतून शाखेच्या सेवाकार्याचा खर्च भागतो.